आप्पांच्या खिशातला बोल्ट

दिनकरआप्पांच्या शर्टाच्या डाव्या खिशात, जिथं इतर लोक पेन नाहीतर मोबाइल ठेवतात तिथं, एक बोल्ट असतो. तेरा नंबरचा बोल्ट, म्हणजे ज्याच्या डोक्याला तेरा एमएमचा पाना लागतो असा. तेल पिऊन पिऊन काळा झालेला. लग्नाला जाताना आप्पा शर्ट बदलतात, बोल्ट तोच. खिसा ओघळू नये म्हणून काकू होत्या तेव्हा त्या आतून दुहेरी कापड लावून द्यायच्या. आता आप्पा स्वतःच लावतात, आणि ते टाके बघितले की कळतं, हा माणूस लोखंडातला आहे.

कुठंही तेराचा पाना दिसला की आप्पा बोल्ट बाहेर काढतात. पाना कुणाचा, हे विचारत नाहीत. पान्याचं तोंड बोल्टच्या डोक्याला लावायचं, मग ते कानाजवळ न्यायचं, डोळे मिटायचे आणि हळूच हलवायचं. मग निकाल द्यायचा. निकाल दोनच आहेत: 'बसतंय' आणि 'हालतंय'.

या दोन शब्दांत आप्पांचं सगळं जग मावतं. भाकरी चांगली झाली, बसतंय. नवा नगरसेवक, हालतंय. भाच्यासाठी मुलगी बघून आले तेव्हा ओट्यावरूनच सांगितलं, "पोरगी बसतीय. आपलं पोरगंच हालतंय." भाचा दोन वर्षं बोलत नव्हता.

मी चळवळीत काम करते. पत्रकं लिहिते. गल्लीतल्या पाण्यापासून कंत्राटी कामगारांच्या हजेरीपर्यंत जिथं जिथं लबाडी दिसेल तिथं तिथं लिहिते, आणि गोडगोड लिहिणं मला जमत नाही, जमवायचंही नाही. आप्पा मला 'लीडर' म्हणतात. "काय लीडर, आज कुणाचा निषेध?" ही त्यांची सकाळची हाक. पण एक मान्य केलं पाहिजे. माझं पत्रक पहिल्या शब्दापासून प्रेसच्या नावापर्यंत वाचणारा गल्लीत हा एकच माणूस आहे. माझी आईसुद्धा वाचत नाही, तिला ते डबे पुसायला बरं पडतं.

एकदा पत्रक वाचून आप्पा म्हणाले, "लई टाइट केलंस."

"म्हणजे?"

"नट आधी हातानं फिरवायचा असतोय. नीट बसला की मग पाना लावायचा. तू पहिल्या ओळीपासनंच पाना घालून बसतीस. आटे जात्यात अशानं. एकदा आटे गेले की नट नुसता फिरतोय, धरत न्हाय."

मी त्यांना अन्यायावर वीस मिनिटं ऐकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय की," ते म्हणाले. "अन्याय हायच. पर आटे बी हाईत."

उद्यमनगरात शेतीची ऑइल इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात आप्पा छत्तीस वर्षं फिटर होते. कारखाना बंद पडला आणि त्या शेडमध्ये आता मंगल कार्यालय आहे. खिशातला बोल्ट त्या कारखान्यातून निघालेल्या शेवटच्या इंजिनाच्या वेळचा. 'इंजिन जोडून बोल्ट उरला व्हय आप्पा?' असं कुणी विचारलं तर ते भडकतात. "उरला न्हाय. मागून घेतलाय."

आमची मैत्री त्या मंगल कार्यालयातच झाली. गल्लीतल्याच एका लग्नात मी डीजेच्या आवाजाविरुद्ध पत्रकं वाटायला गेले होते. मंगलाष्टकं चालू असताना स्टेजखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. चोर समजून वधूच्या बापानं ते धरून ओढले, तर आप्पा निघाले. हातात पाना, टोपीवर कोळिष्टकं. "चार नट ढिले हुते," ते म्हणाले. "अजून दोन कडवी झाली असती तर नवरा-नवरी खालच्या मजल्यावर." त्यांना बाहेर काढलं, आणि त्याच झपाट्यात मलाही. आम्ही दोघं फाटकाबाहेर उपाशी उभे होतो. आप्पा म्हणाले, "पूर्वी हितं माझं लेथ मशीन हुतं. जेवणाची पंगत बसलीया न्हवं, तितंच." मग आम्ही कोपऱ्यावर जाऊन भजी खाल्ली.

तर, पान्यांची गोष्ट.

माझी धाकटी बहीण स्वाती आयटीआयला फिटर झाली. तिच्या बॅचमध्ये ती एकटीच मुलगी. चार ठिकाणी 'कळवतो' ऐकून झाल्यावर एका छोट्या वर्कशॉपचा मालक तिला घ्यायला तयार झाला, पण एका अटीवर.

"आमच्यात प्रत्येकाचे पाने आपापले," त्यानं सांगितलं. "खंडेनवमीला सगळे आपली हत्यारं पूजेला मांडतात. ज्याचे पाने त्या ओळीत, तो कारखान्यातला. तुझे असले तर दसरा झाला की कामाला ये. आणि बरे आण. इथं नट गोल झाला तर कुणी पान्याला नावं ठेवत नाही, पोरीला ठेवतात."

घरी येताना माझ्या डोक्यात मथळा तयार होता: 'हत्यारं कामगाराची, नफा मालकाचा'. कागद घेऊन बसलेसुद्धा. स्वातीनं हातातलं पेन काढून घेतलं.

"ताई, पत्रक मला पर्मनंट केल्यावर काढ. आता पाने बघ."

खंडेनवमीला पाच रविवार होते. बाराशेच्या वर आमच्याकडं काही नव्हतं. आणि हत्यारांतलं मला पाना आणि पक्कड यातला फरक कळत होता, तेवढंच.

मी सरळ आप्पांकडं गेले. त्यांच्या पलंगाखाली एक हिरवी पत्र्याची पेटी आहे, तिच्यात त्यांचे पाने आहेत, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. वापरायला द्याल का म्हणून विचारलं.

"पाने आणि कवळी," आप्पा म्हणाले, "कुणाला उसनी द्यायची न्हाय." मग थोडं थांबून, "नवे घ्यायचे असले तर येतो की मी. रविवारी नऊला. पर एक सांगतो लीडर, घाई करायची न्हाय."

त्या रविवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पावणेनऊला आमच्या दारात. टोपी कडक. पहिल्यांदा लक्ष्मीपुरीत इकबालभाईंच्या दुकानात गेलो. इकबालभाईंनी आठ पान्यांचा एक सेट पुढं ठेवला. प्रत्येक पान्याला दोन्ही टोकांना तोंड, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत. रंग राखाडी, चमक नाही, दिसायला अगदीच गरीब. किंमत आमच्या आवाक्यातली. आप्पांनी बारा-तेराचा उचलला, बोल्ट लावला, कानाशी नेला. बराच वेळ डोळे उघडेनात.

"काय आप्पा?" स्वातीनं विचारलं.

"बघूया," आप्पा म्हणाले आणि पाना खाली ठेवला. "तुम्ही दोघी म्होरं व्हा, भज्यांचं सांगा. मी तंबाखू घेऊन येतो."

दुसऱ्या रविवारी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथं लाल पेटीत चाळीस नगांचा सेट होता, आरशासारखा चकचकीत, किंमत नऊशे. मी भारावून गेले. एवढ्यात एवढं, मग आणखी काय पाहिजे? आप्पांनी पेटीवरून हात फिरवला.

"ह्यातले कामाचे आठ. बाकीचे नुसते वरातीला आल्यात." दुकानदाराला वाईट वाटलं. आप्पांनी पान्याच्या तोंडाच्या आतल्या बाजूला नख लावलं. "पावणं, हे बघा. वरनं मुलामा जाड हाय म्हणून चमकतंय, आतली बाजू खडबडीत. आणि पोलाद मऊ. जोर लावला की तोंड फाकतंय, नटाचे कोपरे मरत्यात." मग बोल्ट, कान, डोळे. "हालतंय."

"मिलिमीटरचा दहावा भाग तरी हलतंय का आजोबा?" दुकानदार म्हणाला.

"दहावा भागच हालतोय. तेवढ्यावरच माणूस तोंडावर पडतोय."

बाहेर आल्यावर भजी. भज्यांबरोबर आप्पा स्वातीला शिकवत बसले. चमचा पान्यासारखा धरून दाखवला. "पाना ढकलायचा न्हाय, आपल्याकडं ओढायचा. ढकललास आणि सुटला तर बोटं फुटत्यात. ओढलास तर फार तर मागं पडशील, ते बरं." स्वातीनं हॉटेलातल्या टेबलाचा नट हातानं चाचपून बघितला आणि म्हणाली, "आप्पा, हे ढिलं आहे." आप्पांचा चेहरा असा फुलला की जणू ती बोर्डात पहिली आली. मी घड्याळ बघत होते. दुपारी माझी सभा होती.

तिसऱ्या रविवारी पेठ वडगावला. आप्पांच्या ओळखीचा एक जुन्या बाजारातला सामानवाला तिथं होता, त्याच्याकडं जुने परदेशी पाने ढिगानं. जड, सुरेख, किलोच्या भावात. मला वाटलं सुटलो. आप्पांनी एकेक पाना उचलून त्यावरचा आकडा अंगठ्यानं पुसला.

"इंचातले हाईत सगळे."

"चौदाच्या नटाला चालतोय की त्यातला नऊ सोळांश," सामानवाला म्हणाला. "मिस्त्री लोक नेत्यात."

"चालतोय न्हवं, चालवत्यात. आत पातळ कागद मावंल एवढी जागा ऱ्हाती. पयल्या दिवशी काय हुत न्हाय. म्हैन्यानं नट गोल. आणि मग म्हणणार, पोरीनं केलं."

जाता-येता एसटीत आप्पा खिडकीशी, स्वाती त्यांच्या शेजारी. कुठल्या मशीनला किती नंबर, कुठला नट उलट्या आट्याचा, सगळं चालू. एका पाना-खरेदीत माझा एक मोर्चा, दोन बैठका आणि सुट्टीचे तीन दिवस गेले होते.

चौथ्या रविवारी तर आम्ही कुठल्या दुकानातच गेलो नाही. भजी खातखात स्वातीनं मोबाइलवर एक सेट दाखवला. खाली लोकांचे अभिप्राय होते, चार तारे, साडेचार तारे. आप्पांनी चष्मा वर केला, खिशातून बोल्ट काढला आणि मोबाइलच्या काचेवर त्या चित्रातल्या पान्याच्या तोंडाशी टेकवला.

"ह्यात कसा घालू?"

"आप्पा, इतक्या लोकांनी चांगलं म्हटलंय."

"त्यातल्या कुणी कानाला लावलाय?"

आता मात्र माझा तोल गेला. खंडेनवमीला नऊ दिवस राहिले होते. रात्री अंथरुणात मी मनातल्या मनात पत्रकच लिहिलं: तरुण मुलीच्या नोकरीशी चाललेला हा खेळ थांबलाच पाहिजे, अनुभवाच्या नावाखाली चालणारी दिरंगाई खपवून घेतली जाणार नाही. स्वाती शेजारी झोपली होती. तिला काळजी वाटत नव्हती असं नाही. हल्ली ती झोपेतही मूठ आपल्याकडं ओढायची.

शुक्रवारी मी कुणाला न सांगता इकबालभाईंच्या दुकानात गेले. ठरवलंच होतं, तो पहिल्या दिवशीचा राखाडी सेट घ्यायचा आणि नेऊन आप्पांच्या समोर आपटायचा.

"तो सेट?" इकबालभाई म्हणाले. "तो न्हाय देता येत."

"विकला?"

"विकला न्हाय. हाय." त्यांनी गल्ल्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं. वरती खडूनं लिहिलं होतं: स्वाती. "तुम्ही त्या दिवशी म्होरं भज्याला गेला न्हवं, तवाच आप्पांनी बाजूला ठेवायला लावला. म्हणाले, 'पोरीचा हाय, दुसऱ्या कुणाला द्यू नको.'"

मला काही कळेना.

"मंगळवारी परत आले, पिशवीभर बोल्ट घेऊन. आठ पान्यांची सोळा तोंडं, एकेक करून सगळी कानाला लावली. गिऱ्हाइकं थांबून बघत हुती. अठरा-एकोणीसचा जरा ढिला निघाला, तर माझ्याकडचे बाकीचे सेट फोडायला लावून त्यातला चांगला ह्यात घातला. ह्या भावात एवढ्या नेमक्या मापाचा सेट अख्ख्या कोल्हापुरात मिळायचा न्हाय, म्हणाले."

"मग त्याच दिवशी घेतला का नाही?"

इकबालभाई पुडक्याचा दोरा नीट करत राहिले.

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, 'एवढ्यात संपवतोस व्हय इकबाल? अजून चार रविवार हाईत की.'"

दुकानात कुणीतरी खिळे मोजून मागत होतं. इकबालभाई तिकडं गेले. मी त्या पुडक्याकडं बघत उभी राहिले. खडूचं अक्षर आप्पांचं होतं, ठसठशीत, कारखान्यात पेटाऱ्यांवर लिहीत असतील तसं.

मला चार रविवार आठवले. पावणेनऊला दारात उभी असलेली ती कडक टोपी आठवली. एसटीतली खिडकी. मला वाटत होतं, आम्ही पाने शोधतोय.

कुठलीही लपवाछपवी उघडकीला आणणं हे माझं काम आहे. इतकी वर्षं मी तेच केलं, आणि अर्धवट कळलं तरी चौकात जाऊन ओरडून सांगितलं. आता तर सगळं कळलं होतं.

"इकबालभाई," मी म्हणाले, "मी आले होते हे आप्पांना सांगू नका."

"कोण आलंतं?" इकबालभाई म्हणाले आणि पुडकं परत गल्ल्याखाली गेलं.

पाचव्या रविवारी आप्पा पावणेनऊला हजर. लक्ष्मीपुरीत पुन्हा एकदा बघू म्हणाले. दुकानात इकबालभाईंनी तोच सेट पुढं ठेवला, वर्तमानपत्र काढलेलं.

"ह्यो कवा आला?" आप्पांनी विचारलं.

"कालच," इकबालभाई म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आप्पांनी बारा-तेराचा उचलला. बोल्ट लावला, कानाशी नेला, डोळे मिटले. स्वातीनं माझा दंड धरला होता आणि तिची नखं रुतत होती. तिच्यासाठी सगळं खरं होतं. परवा खंडेनवमी.

"बसतंय," आप्पा म्हणाले.

स्वातीनं त्यांचे पाय धरले, तिथंच, दुकानात. आप्पा गडबडले. "अगं, मला कशाला, पान्याला कर." मग माझ्याकडं बघून, "काय लीडर, गप्प का? निषेध न्हाय आज?"

"इतके दिवस लावलेत," मी म्हणाले. अभिनय मला येत नाही, म्हणून जास्त बोलले नाही.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये लांब फळीवर पांढरं कापड घालून सगळ्यांची हत्यारं मांडली होती. स्वातीचे आठ पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं एकेक फूल. ओळीतले सगळ्यात साधे दिसणारे तेच होते. मालकानं एक उचलून हातात तोलला, पुन्हा ठेवला आणि नारळ फोडायला तिला पुढं बोलावलं. आप्पांनाही चला म्हटलं होतं. "मी कशाला?" म्हणाले. "माझे पाने कुठं हाईत तितं?" संध्याकाळी त्यांच्याकडं प्रसाद द्यायला गेले तर हिरवी पेटी पलंगावर होती, झाकण उघडं, आणि प्रत्येक पान्यावर फूल. एकट्या माणसानं मांडलेली एवढी मोठी पूजा मी पहिल्यांदाच बघितली.

कामाच्या पहिल्या दिवशी स्वाती तेलकट हातांनी घरी न येता आधी आप्पांच्या ओट्यावर गेली. "आप्पा, गंजलेला नट होता. बाकीच्यांनी सोडून दिला होता. सुटला. गोल नाही झाला."

"किती नंबर?"

"तेरा."

आप्पांनी मान डोलावली आणि खिशावर हात ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी ब्रश तोंडात घेऊन दारात आले. समोरच्या ओट्यावर आप्पा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कडक टोपी, पायात चपला. पावणेनऊ झाले होते. कुठं जायचं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याकडं लक्ष गेल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, सहज बसलोय असं दाखवत.

त्या दिवशी अकरा वाजता माझी बैठक होती, आणि मथळाही तयार होता. मी चूळ भरली.

"आप्पा," मी म्हणाले, "स्वातीला पक्कड घ्यायची आहे. चांगली कुठली असते?"

आमच्या घरात दोन पक्कडी आहेत. चांगल्या आहेत.

आप्पांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. डोळे बारीक केले, तसे ते पाना कानाला लावताना करतात.

"पक्कड," ते म्हणाले. "पक्कड म्हंजे घाईचं काम न्हाय, लीडर. तीन-चार रविवार जातील."

"जाऊ देत."

त्यांनी टोपी घातली, उठले, आणि निघताना खिसा चाचपून बोल्ट आहे ना बघितलं. पक्कडीला बोल्ट कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. स्वातीला हाक मारली आणि भज्यांचं सांगायला पुढं झाले.